मागून म्हणणारी माणसं

“बाई, डास मारला तर?” शुभंकरनं विचारलं.

“चावला म्हणून मारलास, की चावेल म्हणून?”

शुभंकर जरा विचारात पडला. “चावत नव्हता. भिंतीवर नुसता बसला होता.”

“मग आता त्याची बाजू कोण मांडणार?” इंदुबाई म्हणाल्या आणि सतरंजीवर बसलेली सगळी मुलं हसली.

रविवारी सकाळी, वंदनेच्या आधी, विहारात मुलांचा वर्ग भरत असे. स्वारगेटच्या मागच्या त्या वसाहतीत इंदुबाई ओव्हाळांना ओळखत नाही असं कुणी नव्हतं. सगळी नोकरी महापालिकेच्या शाळेत झाली होती. निवृत्त झाल्यावर घरी बसवेना, म्हणून त्यांनी हा वर्ग सुरू केला. इथे पाढे नव्हते, परीक्षा नव्हती. त्या दिवशी पहिलं शील चाललं होतं, कुठल्याही जिवाला इजा न करण्याचं. इजा म्हणजे काय, हे त्या मुलांकडूनच काढून घेत होत्या. घाई करायची नाही, ही त्यांची रीत. प्रश्न विचारला की उत्तर मुलाच्या तोंडून येईपर्यंत त्या थांबत.

कुत्र्याच्या शेपटीला फटाक्यांची माळ बांधणं ही इजा, यावर सगळ्यांचं एकमत झालं. चिडवणं ही इजा की नाही, यावर मात्र वाद पेटला. ज्यांना चिडवलं जात होतं ते ‘हो’ म्हणाले, बाकीचे ‘नाही’ म्हणाले. एवढ्यात दुसऱ्या रांगेतून पूर्वानं हात वर केला. ही रतनची मुलगी. तिसरीत होती, बोलायची कमी.

“बाई, दारात बोटं सापडली तर ती इजा कुणी केली म्हणायचं? दारानं?”

“दार कुणी लावलं?”

पूर्वानं हात खाली घेतला. फ्रॉकची शिवण चिमटीत धरून ती खाली बघत राहिली.

इंदुबाई थांबल्या. पोरीच्या कानाच्या पाळ्या लाल झालेल्या त्यांना दिसल्या, तेव्हा त्यांनी उत्तराची वाट बघणं सोडून दिलं. “बरं,” त्या म्हणाल्या. “मेणबत्त्या लावून घ्या. मोठी माणसं यायला लागली.”

मोठ्या माणसांत सगळ्यात आधी रतन आला. पांढरा सदरा, कडक इस्त्री, केस नीट विंचरलेले. वंदना सांगायचं काम त्याच्याकडे होतं आणि ते त्याला शोभतही होतं. आवाज भरदार होता, उच्चार स्वच्छ होते. ते उच्चार त्याला इंदुबाईंनीच लहानपणी शिकवले होते. दारूला तो कधी शिवला नव्हता. वसाहतीतल्या आया आपल्या मुलांना त्याचं उदाहरण देत.

वंदनेत पुढे उभ्या असलेल्यानं एक ओळ सांगायची आणि बाकीच्यांनी ती मागून म्हणायची. पण एवढी माणसं आपोआप एकदम सुरू होत नाहीत. आधी कुणाला तरी ती ओळ उचलावी लागते. इथे ते इंदुबाई करत. त्यांचं पहिलं अक्षर कानावर पडलं की मुलं त्यावर तुटून पडत, मुलांच्या मागून बाया आणि बायांच्या मागून पुरुष. हे कुणी ठरवलेलं नव्हतं. इतक्या वर्षांत ते कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं.

वंदना संपल्यावर नंदानं रतनला दारातच गाठलं. नंदाचा मंडईत भाजीचा गाळा होता आणि तिथला आवाज ती इथेही आणायची.

“काय रं, आम्रपाली कुटं हाय?”

“बोटांना लागलंय तिच्या, मावशी. कपाटाच्या दारात सापडली.”

“अगं बाई! जपायला नको? तिची बोटं म्हंजी तुमच्या घरचं अन्नपाणी की रं.” मग बाकीच्यांकडे वळून ती म्हणाली, “पण नवरा बघा कसा हाय. रोज सोडायला जातो, रोज आणायला जातो. दिवा घिऊन हुडकला तरी गावायचा न्हाई.”

रतन हसला. ‘तुमच्या घरचं अन्नपाणी’ हे शब्द ऐकताना त्याचा जबडा क्षणभर घट्ट झाला, ते इंदुबाईंनी पाहिलं.

मंगळवारी दुपारी इंदुबाई मेथीच्या दोन जुड्या घेऊन त्याच्या घरी गेल्या. रतन त्या वेळी आपल्या फोनच्या बूथवर असतो, हे त्यांना माहीत होतं. आम्रपालीनं डाव्या हातानं दार उघडलं. उजव्या हाताची दोन बोटं पट्टीत ताठ बांधलेली होती.

“जय भीम, बाई. तुम्ही कशाला त्रास घेतलात?”

“जय भीम. भाजी घेऊन आले. तुला निवडता यायची नाही, म्हणून निवडूनही देते. परात दे.”

दोघी जमिनीवर बसल्या. इंदुबाई पानं खुडू लागल्या.

“कुठलं दार गं?”

“कपाटाचं.”

“कपाटाच्या दाराला एवढा जोर नसतो.”

आम्रपालीनं परातीतली एक काडी उचलली आणि बाजूला ठेवली. “जोर त्यांचा होता,” ती म्हणाली.

मग ती सांगू लागली. ती एका संगणक कंपनीत काम करायची. अमेरिकेतले डॉक्टर रोग्यांविषयी जे बोलून ठेवत, ते हेडफोन लावून ऐकायचं आणि जसंच्या तसं टाइप करायचं. चार वर्षं तिनं ते चोख केलं होतं. आता तिला बढती मिळाली होती. येत्या सोमवारपासून तिनं दुसऱ्यांनी टाइप केलेलं तपासायचं होतं. सोमवारी ती हजर झाली नाही, तर ती जागा दुसऱ्या मुलीला जाणार होती.

“साहेबांचा फोन यांनीच घेतला, बाई. माझा मोबाइल घरी यांच्याकडेच असतो. मला म्हणाले, अभिनंदन. सगळ्या आळीत पेढे वाटले. तुमच्याकडेही आले असतील.”

“आले होते. चांगले होते.”

“दुसऱ्या दिवशी सकाळी मी कपाटातून साडी काढत होते. हे मागं येऊन उभे राहिले. हसत म्हणाले, आता तू साहेब होणार, मग आम्ही काय करायचं? मीपण हसले. आणि यांनी दार लावलं.” ती थांबली. “हसत हसत लावलं, बाई. ओरडले असते तर मला कळलं असतं. मी हात बाहेर काढला असता.”

इंदुबाईंच्या बोटांतली काडी मधेच मोडली.

“लावलं आणि तसंच दाबून धरलं. मग स्वतःच रडले. स्कूटरवर बसवून दवाखान्यात नेलं. डॉक्टरांना सांगताना यांचे डोळे भरून आले होते. डॉक्टर मला म्हणाले, नशीबवान आहात.”

“पहिल्यांदाच झालं?”

“हातावर पहिल्यांदाच.”

बाहेर कुणाच्या तरी घरात कुकरची शिट्टी झाली. इंदुबाईंनी दुसरी जुडी सोडली.

“आता म्हणतात, राजीनामा दे. मी म्हटलं, लिहू कशानं? तर म्हणाले, मी लिहितो, तू नुसती सही कर. डाव्या हातानं केलीस तरी चालेल.” ती हसली, पण ते हसू लगेच विरलं. “ऑफिसचं गळ्यातलं कार्डसुद्धा यांच्याकडे असतं. रोज गेटवर स्वतःच्या हातानं माझ्या गळ्यात घालतात, संध्याकाळी काढून घेतात. ऑफिसातल्या मुली म्हणतात, किती रोमँटिक.”

“तुला काय हवंय, आम्रपाली?”

हा प्रश्न तिला कुणी विचारला नसावा. तिनं तोंड उघडलं, मिटलं. इंदुबाईंनी तिला वेळ दिला. मेथीच्या पानांचा ढीग परातीत वाढत गेला.

“सोमवारी कामावर जायचंय,” ती शेवटी म्हणाली. “आणि पूर्वा दाराच्या आवाजानं दचकते, ते थांबायला हवंय.”

“माझ्याकडे दोन खोल्या आहेत. एकीत मी राहते, एकीत जुन्या पेपरांची रद्दी राहते. रद्दीला दुसरीकडे जागा मिळेल.”

“पण बाई, सगळे यांना इतकं मानतात. कुणाला खरं वाटणार?”

“मला वाटलं,” इंदुबाई म्हणाल्या आणि परात घेऊन उठल्या. “भाजी धुऊन ठेवते. फोडणी तुझी तू दे.”

शनिवारी संध्याकाळी त्या रतनच्या बूथवर गेल्या. पूर्वी तो चिंचवडच्या एका कारखान्यात लेथ मशीनवर होता. कारखान्यानं स्वेच्छानिवृत्ती देऊन माणसं कमी केली, तेव्हा मिळालेल्या पैशांतून त्यानं स्वारगेटजवळ हा पिवळ्या पाटीचा बूथ टाकला. सुरुवातीला रांग लागायची. नंतर लोकांच्या हातात मोबाइल आले. आता काचेच्या खोलीतलं स्टूल बहुतेक वेळ रिकामंच असे.

“या बाई, बसा. चहा सांगू?”

“नको. आम्रपालीची बोटं तू दारात दाबलीस.”

रतनच्या चेहऱ्यावरचं हसू लगेच गेलं नाही. जागा चुकलेल्या वस्तूसारखं ते थोडा वेळ तिथेच राहिलं.

“तिनं सांगितलं?”

“आधी पूर्वानं विचारलं. तिनं नंतर सांगितलं.”

“बाई, घरातली गोष्ट आहे ती.”

“पूर्वानं वर्गात आणली. आता वर्गातली झाली.”

रतननं काउंटरवरचं कापड उचललं आणि स्वच्छ असलेला फोन पुन्हा पुसायला घेतला.

“तुम्हाला कसं सांगू, बाई. लेथवर होतो तेव्हा मी कातलेला जॉब बघायला इंजिनिअर लोक यायचे. केसाइतकाही फरक सापडायचा नाही. आता इथं बसतो. समोरून जाणारी पोरं मोबाइलवर बोलत जातात, माझ्याकडं बघतसुद्धा नाहीत. हिला तिकडं ‘मॅम’ म्हणतात. घरी आली की मला विचारते, जेवलात का? त्या आवाजात दया असते, बाई. मला कळते.”

“तुझा लेथ तिनं बंद केला?”

“नाही.”

“लोकांच्या हातात मोबाइल तिनं दिले?”

“काहीतरीच काय, बाई!”

“मग बोटं तिची का?”

इंदुबाई थांबल्या. तिसरीच्या वर्गात याच मुलासाठी त्या अशाच थांबायच्या आणि तो कपाळाला आठ्या घालून उत्तर शोधून आणायचा. समोरून बसेस येत होत्या, जात होत्या. रतन कापडाची घडी घालत होता, मोडत होता.

“मी तिला काय कमी केलंय?” तो अखेर म्हणाला. “दारू नाही, जुगार नाही, बाहेरची भानगड नाही.”

“तू काय केलं नाहीस ते सांगतोयस. मी विचारलं, काय केलंस.”

त्यानं घडी घातलेलं कापड पुन्हा उलगडलं. तेव्हा इंदुबाई उठल्या.

“उद्या पहिलं शील तू सांगू नकोस, रतन. खाली बस आणि मागून म्हण. बाकीचं बसून, समोरासमोर बोलावं लागेल. पण सुरुवात तिथून कर.”

“आणि सांगितलं तर?”

“तर मी तुझ्यामागून म्हणणार नाही.”

रतनला हायसं वाटलं असावं. त्याला काहीतरी मोठ्याची धास्ती होती, पोलीस वगैरे. तो चक्क हसला. “बाई, एवढ्या माणसांत एक तुम्ही नाही म्हणालात, तर कुणाला कळणार?”

“नाही कळणार कदाचित,” इंदुबाई म्हणाल्या आणि रस्ता ओलांडायला निघाल्या.

रविवारी विहार भरला होता. आम्रपाली आली होती. ती भिंतीला टेकून शेवटच्या रांगेत बसली होती. दोन रविवार बायको दिसली नाही तर लोक विचारतात, म्हणून रतननंच तिला यायला सांगितलं होतं.

रतननं पुढे उभं राहून सुरुवात केली. आवाज नेहमीसारखाच भरदार. वंदना झाली, तीन शरणं झाली. इंदुबाईंनी प्रत्येक ओळ उचलली, मुलं मागून आली, विहार घुमला. रतननं एकदा डोळ्याच्या कोपऱ्यातून त्यांच्याकडे पाहिलं. मग निर्धास्त होऊन, जरा जास्तच सुरात, त्यानं पहिलं शील सांगितलं.

मागून काहीच आलं नाही.

मुलं इंदुबाईंच्या तोंडाकडे बघत होती. शुभंकरनं श्वास भरून घेतला होता, तो तसाच धरून तो बसला. बाया मुलांकडे बघू लागल्या, पुरुष बायांकडे. पंख्याचा आवाज एकदम मोठा झाल्यासारखा वाटला.

रतननं तीच ओळ पुन्हा सांगितली. या वेळी सूर नव्हता.

“बाई,” विहाराचे अध्यक्ष भीमराव पुरुषांच्या रांगेतून म्हणाले, “बरं वाटत नाही का?”

“बरं आहे, भीमराव. रतनच्या मागून हे शील मी म्हणणार नाही. बाकीच्यांनी खुशाल म्हणावं.”

कुणी म्हटलं नाही. भीमरावांनी चष्मा काढला. “पण कारण काय?”

इंदुबाईंना कारण माहीत होतं. पण ते त्यांनी सांगायचं नव्हतं. त्या मान खाली घालून थांबल्या. इतका वेळ थांबल्या की शेजारची बाई चुळबुळू लागली.

“दार यांनी लावलं होतं,” शेवटच्या रांगेतून आवाज आला. आम्रपाली उभी राहिली होती. “माझी बोटं आत होती. यांना दिसत होती. बघून लावलं.”

“भीमरावकाका,” रतन घाईघाईनं म्हणाला, “नवराबायकोची भांडणं विहारात आणायची का आता? ही काय पद्धत झाली?”

“मग आमी आनायची कुटं?” नंदा उसळली. “मंडईत? तितं आनली असती तर एव्हाना तुजा भाव ठरला असता! आन मी येडी, तुला दिवा घिऊन हुडकत हुते.”

कुणी हसलं नाही. रतननं पुरुषांच्या बाजूला पाहिलं. लहानपणापासून ओळखीचे चेहरे होते. ते त्याच्याकडेच बघत होते, पण त्यातला एकही मान हलवेना.

“रतन,” भीमराव म्हणाले, “खाली बस.”

रतन बसला नाही. तो बायांच्या आणि पुरुषांच्या मधल्या वाटेनं चालत बाहेर गेला. पूर्वाच्या जवळून जाताना त्याची पावलं मंदावली. पूर्वानं पाय आत ओढून घेतले. मग बाहेर स्कूटरला किक मारल्याचा आवाज आला. स्कूटर सुरू झाली, पण गेली नाही. तिथेच घरघरत राहिली.

“बाई, तुम्हीच सांगा आता,” भीमराव म्हणाले.

“मी मागून म्हणते,” इंदुबाई म्हणाल्या. “आम्रपाली उभीच आहे.”

आम्रपालीनं हात जोडले. पट्टीतली दोन बोटं जुळेनात, ती तशीच वर उभी राहिली. तिनं पहिलं शील सांगितलं. रतनच्या आवाजातली गोडी त्यात नव्हती. पण रोज परक्या देशातल्या माणसांचं बोलणं कान देऊन ऐकणाऱ्या बाईचा एकही शब्द पुसट नव्हता. इंदुबाईंनी पहिलं अक्षर उचललं. कधीची दम धरून बसलेली मुलं त्यावर अशी तुटून पडली की मेणबत्त्यांच्या ज्योती हलल्या. मग बाया आल्या, मग पुरुष. तिसऱ्या शीलाच्या सुमाराला बाहेरची घरघर थांबली.

दुपारी आम्रपाली, इंदुबाई आणि नंदा चौकीत गेल्या. तिथल्या हवालदारानं आधी ‘समजुतीनं घ्या’ म्हणून पाहिलं. नंदानं बाकावर ऐसपैस मांडी घातली आणि “घेतो की, बसून घेतो,” असं म्हटल्यावर त्यानं तक्रार लिहून घेतली. संध्याकाळी भीमरावांनी स्वतः इंदुबाईंच्या खोलीतली रद्दी बाहेर काढली. काही जण इंदुबाईंशी बोलेनासे झाले. वंदनेत असं करायला नको होतं, असं त्यांचं म्हणणं होतं. इंदुबाईंनी ते ऐकून घेतलं.

सोमवारी सकाळी सगळ्यांचीच घाई होती. पूर्वाची शाळा, आम्रपालीची बस. डबे भरून झाले होते.

“आणि कार्ड?” इंदुबाईंनी विचारलं.

“त्यांच्याकडेच आहे. राहू दे. वॉचमन चार वर्षं रोज बघतोय मला. नाहीच सोडलं तर साहेबांना खाली बोलावते.” हे बोलताना तिनं वरसुद्धा पाहिलं नाही.

पूर्वा पुढ्यात बसली होती आणि आम्रपाली तिची वेणी घालत होती. पट्टीतल्या ताठ बोटांमधून एक पेड सारखा निसटत होता. निसटला की ती सगळी वेणी सोडे, केसांवरून कंगवा फिरवी आणि पहिल्यापासून धरी.

“आई, सैल झालीये,” पूर्वा म्हणाली.

“असू दे. मान हलवू नकोस.”

इंदुबाई शेजारीच बसल्या होत्या. हात मोकळे होते, वेण्या त्यांनी जन्मभर घातल्या होत्या. बस चुकणार, हे त्यांना घड्याळात दिसत होतं. त्या लाल रिबीन मांडीवर घेऊन नुसत्या बसून राहिल्या.

पेड शेवटपर्यंत आले. वेणी जरा वाकडी झाली होती, उजवीकडे कललेली. आम्रपालीनं तिचं टोक चिमटीत घट्ट धरलं आणि दुसरा हात बाजूला पसरला.

“रिबीन,” ती म्हणाली.

इंदुबाईंनी रिबीन तिच्या हातावर ठेवली.